रुग्णनोंद प्रणालीत प्रत्येकाला स्वतःचे लॉगिन: साठ खाटांच्या रुग्णालयासाठी मांडणी

आपला प्रश्न थोडक्यात असा. नाशिकमध्ये मुंबई नाक्याजवळ ६० खाटांचे रुग्णालय आहे, पंचवटीत त्याचीच बाह्यरुग्ण शाखा आहे आणि दोन्हीकडे ‘बाह्मनी’ ही मुक्तस्रोत रुग्णनोंद प्रणाली चालते. वॉर्डातल्या सर्व सिस्टर ‘वॉर्ड २’ या एकाच लॉगिनवर नोंदी करतात, रात्रीचे आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) मोठ्या डॉक्टरांच्या पासवर्डने आत जातात आणि संचालकांना हे बंद करायचे आहे. त्यासाठी पासवर्ड किती अक्षरांचा असावा, तो किती दिवसांनी बदलायला लावावा आणि किती मिनिटे हालचाल नसली की लॉगिन आपोआप बंद व्हावे, हे तीन आकडे आपण विचारले आहेत.

आकडे पुढे येतीलच. पण केवळ आकडे कडक करून एकाच लॉगिनवर सगळ्यांनी काम करण्याची सवय सुटत नाही, उलट बहुतेक ठिकाणी ती पक्की होते. सकाळी नऊच्या राउंडची वेळ डोळ्यांसमोर आणावी. नर्सिंग स्टेशनवर संगणक एक आणि सिस्टर चार. राउंड पुढच्या खाटेकडे सरकलेला असतो आणि एका सिस्टरला फक्त ‘ताप १०१, पॅरासिटामॉल दिली’ एवढेच लिहायचे असते. त्यासाठी आधीच्या सिस्टरच्या लॉगिनमधून बाहेर पडायचे, आपले नाव व पासवर्ड भरायचा, ठिकाण निवडायचे, रुग्ण शोधायचा आणि त्याचे पान उघडेपर्यंत थांबायचे, यात नोंदीपेक्षा कितीतरी अधिक वेळ जातो. अशा वेळी उघड्या असलेल्या लॉगिनवरच नोंद उरकली जाते. याला बेशिस्त म्हणणे अन्यायाचे आहे, कारण हा सरळसरळ वेळेचा हिशेब आहे. म्हणून माझे पहिले मोजमाप पासवर्डच्या लांबीचे नसते. सिस्टर संगणकापाशी आल्यापासून तिच्या स्वतःच्या नावाने रुग्णाचे पान उघडेपर्यंत किती सेकंद लागतात, हे मी आधी घड्याळ लावून पाहतो आणि ते सेकंद कमी झाल्याखेरीज सामायिक लॉगिन बंद करण्याचा सल्ला देत नाही.

नाव इतके महत्त्वाचे का, हे संचालक मंडळाला एका उदाहरणाने पटवून देता येईल. रात्री दोन वाजता इन्सुलिनचा डोस दिल्याची नोंद ‘वॉर्ड २’ या नावावर आहे आणि नातेवाइकांची तक्रार वर्ष-दीड वर्षाने येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे ती वेळेतच असते. तोवर ड्युटीचे रजिस्टर कुठल्या कपाटात गेले हे कुणाला आठवत नाही, त्या रात्रीच्या दोन सिस्टरांपैकी एक नोकरी सोडून गेलेली असते, आणि प्रणाली मात्र ठामपणे सांगते की डोस ‘वॉर्ड २’ ने दिला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१६ च्या इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंद मानकांतही कोणी काय पाहिले व बदलले याची नोंद राहावी अशी अपेक्षा आहे, आणि अमेरिकेच्या हिपा या आरोग्यमाहिती संरक्षणाच्या नियमांत तर प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र ओळख देणे ही ऐच्छिक नव्हे तर सक्तीची बाब आहे.

आता बाह्मनीच्या आतली रचना. तिचा वैद्यकीय गाभा ओपनएमआरएस या मुक्तस्रोत वैद्यकीय नोंद प्रणालीचा आहे आणि त्यात एका माणसाच्या तीन स्वतंत्र नोंदी असतात: व्यक्ती, वापरकर्ता आणि प्रोव्हायडर. वापरकर्ता म्हणजे ज्याच्या नावाने लॉगिन होते तो. प्रोव्हायडर म्हणजे ज्याच्या नावावर तपासणी, औषध किंवा निरीक्षण जाते तो. नवीन लॉगिन तयार करून प्रोव्हायडरची नोंद राहून गेली, तर त्या माणसाला नाव-पासवर्ड बरोबर असूनही ‘आपल्याला प्रोव्हायडर म्हणून नेमलेले नाही’ अशा अर्थाचा संदेश दिसतो आणि तो आत जाऊ शकत नाही. नवी मंडळी इथे हमखास अडकतात आणि घाईच्या वेळी ‘माझ्या पासवर्डने कर’ हा सल्ला इथेच जन्माला येतो. त्यामुळे वापरकर्ता व प्रोव्हायडर या दोन्ही नोंदी एकाच बैठकीत, एकाच माणसाने कराव्यात आणि त्याच क्षणी त्या व्यक्तीला समोर बसवून लॉगिन करून पाहायला लावावे. तिथल्या तिथे तिने आपला पासवर्डही बदलावा, म्हणजे तो देणाऱ्याला ठाऊक राहणार नाही.

अधिकार थेट माणसाला न देता भूमिकेला द्यावेत. बाह्मनीत नोंदणी, क्लिनिकल, फक्त वाचण्यापुरते क्लिनिकल, अहवाल अशा भूमिका तयार असतात आणि एक भूमिका दुसरीचे अधिकार वारशाने घेऊ शकते. त्यावरून आपल्या कामाच्या नावांनी भूमिका बांधाव्यात: वॉर्ड सिस्टर, इनचार्ज सिस्टर, आरएमओ, कन्सल्टंट, रिसेप्शन, एमआरडी (वैद्यकीय नोंदी सांभाळणारा विभाग), बिलिंग. मेट्रनला वाचण्याचा अधिकार सर्व वॉर्डांचा असावा. लिहिण्याचा असावाच असे नाही. आपले रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल, तर आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या वतीने रुग्णालयात बसणाऱ्या मदतनिसाचा, विचार वेगळा करावा. तो रुग्णालयाचा कर्मचारी नसतो, पण रोज कागदपत्रे मागतो, आणि त्याचे काम अडू नये म्हणून बिलिंगचे लॉगिन त्याच्या हाती दिले जाते. त्याला प्रणालीत न घेता लागणारा अहवाल बिलिंगकडून छापून देणे अधिक सोयीचे ठरते.

या भूमिकांत दोन जागा जरूर तपासाव्यात. ओपनएमआरएसमध्ये ‘ॲनॉनिमस’ या भूमिकेचे अधिकार लॉगिन न केलेल्यालाही मिळतात आणि ‘ऑथेंटिकेटेड’चे अधिकार लॉगिन केलेल्या प्रत्येकाला. एखादे पान उघडत नव्हते म्हणून कुणी घाईने यांपैकी एका भूमिकेला जादा अधिकार दिला असेल, तर बाकीची सारी मांडणी कागदावरच राहते. ‘सिस्टीम डेव्हलपर’ ही भूमिका सर्वाधिकारी आहे. ती दोघांपेक्षा जास्त लोकांकडे नसावी आणि त्या दोघांनीही रोजच्या कामासाठी दुसरे साधे लॉगिन वापरावे. प्रणाली बसवताना तयार होणारी ‘ॲडमिन’ आणि ‘सुपरमॅन’ ही खाती अजून चालू असतील, तर हे वाचून झाल्यावर पहिले काम त्यांचे पासवर्ड बदलण्याचे करावे. मूळ पासवर्ड सार्वजनिक माहितीपुस्तिकेत छापलेले आहेत.

आरएमओंच्या प्रश्नाचे मूळ वेगळे आहे. ते कन्सल्टंटचा पासवर्ड वापरतात, कारण औषधाचा आदेश मोठ्या डॉक्टरांच्या नावाने दिसावा अशी सर्वांचीच इच्छा असते. रात्री फोनवर सूचना मिळते, ती आरएमओ टंकित करतात आणि नोंद मात्र त्या वेळी गंगापूर रोडवर घरी झोपलेल्या डॉक्टरांच्या नावावर पडते. यात दोघांचेही नुकसान आहे. आरएमओला स्वतःच्या लॉगिनने आदेश लिहू द्यावा, ‘डॉ. अमुक यांच्या फोनवरील सूचनेनुसार’ असे एक ठरलेले क्षेत्र फॉर्ममध्ये ठेवावे आणि सकाळच्या राउंडला कन्सल्टंटने स्वतःच्या नावाने ते मान्य केल्याची नोंद करावी. अमेरिकेच्या व्हेटरन्स अफेअर्स खात्याच्या व्हिस्टा प्रणालीत याच कारणासाठी आत जाण्याचे दोन कोड वेगळे आणि आदेशावर सही करण्याचा इलेक्ट्रॉनिक कोड वेगळा असतो. आत येणे आणि जबाबदारी घेणे या दोन क्रिया तिथे मुद्दाम तोडलेल्या आहेत. बाह्मनीत तसा तिसरा कोड नाही, त्यामुळे ही फारकत आपल्याला फॉर्म आणि पद्धत यांतून आणावी लागते.

दोन शाखांमुळे ठिकाणाची बाब आपल्याकडे विशेष नाजूक आहे. लॉगिनच्या वेळी दिसणाऱ्या यादीत तीच ठिकाणे येतात ज्यांना ‘लॉगिन लोकेशन’ ही खूण लावलेली आहे. रुग्णाची भेट कोणत्या शाखेची धरायची हे मात्र ‘व्हिजिट लोकेशन’ ही दुसरी खूण ठरवते. मुंबई नाका व पंचवटी या दोन मुख्य ठिकाणांना व्हिजिटची खूण आणि त्यांच्या पोटातल्या वॉर्ड, ओपीडी, कॅज्युअल्टी यांना लॉगिनची खूण, अशी उतरंड लावावी. ब्राउझर मागच्या वेळचे ठिकाण लक्षात ठेवतो. वॉर्डातल्या एका जागी असलेल्या संगणकावर ही सोयच आहे, तेवढीच एक पायरी वाचते. पण सकाळी पंचवटीत ओपीडी करून दुपारी मुंबई नाक्याला येणाऱ्या डॉक्टरांच्या लॅपटॉपवर तीच सोय अंगलट येते, कारण दुपारचे सर्व रुग्ण पंचवटीच्या खात्यात जमा होतात आणि महिनाअखेरीला शाखांचे आकडे जुळत नाहीत. फिरत्या डॉक्टरांनी शक्यतो त्या त्या शाखेतलाच संगणक वापरावा.

आता आपले तीन आकडे. ओपनएमआरएसमध्ये पासवर्डचे नियम ग्लोबल प्रॉपर्टींमध्ये, म्हणजे साऱ्या प्रणालीला लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये, असतात: किमान लांबी, अंक हवा का, लहान-मोठी अक्षरे हवीत का, पासवर्ड वापरकर्त्याच्या नावासारखा चालेल का. मूळ किमान लांबी ८ आहे. अमेरिकेच्या निस्ट या मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुधारित मार्गदर्शनात, पासवर्ड हाच एकमेव पुरावा असेल तर किमान १५ अक्षरे आणि जोडीला ओटीपीसारखा दुसरा पुरावा असेल तर ८ अक्षरे सांगितली आहेत. शिवाय चिन्हे-अंक यांची सक्ती नको आणि पासवर्ड फुटल्याची शंका नसताना ठरावीक मुदतीने बदलायला लावणेही नको, असे स्पष्ट म्हटले आहे. माझा अनुभव याला पूर्णपणे जुळतो. दर ३० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावला की महिन्याचे नाव आणि साल जोडलेले पासवर्ड सुरू होतात, आणि चिन्हाची सक्ती केली की सगळीकडे तेच एक ‘ॲट’ चिन्ह दिसू लागते. त्यामुळे किमान लांबी १५ करावी, चिन्ह-अंकांची सक्ती काढावी, मुदत ठेवू नये आणि प्रत्येकाला चार असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहायला सांगावे. ‘कढई पोपट सातपूर रविवार’ या धर्तीवरचा पासवर्ड सिस्टरला दुसऱ्या दिवशीही आठवतो. रुग्णालयाचे नाव, गावाचे नाव आणि १२३ यांच्या जोड्या मात्र तोंडी स्पष्टपणे वर्ज्य कराव्यात.

चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते बंद होण्याचा मूळ आकडा सात प्रयत्नांचा आहे आणि खाते पाच मिनिटांनी पुन्हा उघडते. तो बदलू नये. तीन प्रयत्नांवर आणण्याचा मोह सर्वांना होतो, पण रात्री कॅज्युअल्टीत घाईघाईत टंकणाऱ्या माणसाला तीनच संधी देण्याने सुरक्षितता फारशी वाढत नाही, फोन मात्र वाढतात.

आपोआप लॉगआउटचा आकडा सर्वांत फसवा आहे. ओपनएमआरएस ज्यावर चालते त्या टॉमकॅट या सर्व्हर-सॉफ्टवेअरमध्ये सेशनची, म्हणजे एका लॉगिनच्या सत्राची, मुदत मुळात ३० मिनिटे असते, आणि ती सर्व्हरकडे शेवटची विनंती गेल्यापासून मोजली जाते, कीबोर्डवरच्या शेवटच्या अक्षरापासून नव्हे. एखादे डॉक्टर सविस्तर केस हिस्टरी लिहीत वीस मिनिटे बसले आणि मध्ये ‘सेव्ह’ दाबले नाही, तर सर्व्हरच्या लेखी ते वीस मिनिटे निष्क्रिय आहेत. मुदत १५ मिनिटांवर आणली की नेमके असेच लिहिणारे डॉक्टर लॉगिनच्या पानावर फेकले जातात, लिहिलेले जाते आणि दुसऱ्या दिवशी संचालकांकडे पहिली तक्रार त्यांचीच असते. म्हणून सर्व्हरची मुदत ३० मिनिटेच ठेवावी आणि स्क्रीन झाकण्याचे काम विंडोजच्या लॉककडे द्यावे: रिसेप्शन आणि बिलिंग काउंटरवर तीन मिनिटे, कारण तिथे नातेवाईक काउंटरवर वाकून उभे असतात, नर्सिंग स्टेशनवर पाच, डॉक्टरांच्या केबिनमध्ये दहा. सर्व्हरचा आकडा कधी बदललाच आणि आपली बाह्मनी डॉकरवर (सॉफ्टवेअर ‘कंटेनर’ नावाच्या बंदिस्त कप्प्यांत चालवण्याची पद्धत) असेल, तर कंटेनरच्या आत शिरून फाइल बदलू नये; पुढच्या अपडेटला कंटेनर नव्याने उभा राहतो आणि बदल निमूटपणे पुसला जातो.

सेकंद कमी करण्याचे उपाय बहुतांशी हार्डवेअरचे आहेत आणि सांगायला खेद वाटतो की त्यांना पैसे लागतात. नर्सिंग स्टेशनवर दुसरा संगणक द्यावा. जुन्या संगणकात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. वॉर्डात वायफायऐवजी केबल ओढावी. हे झाल्यावर लॉगिनची वेळ पुन्हा मोजावी. याच कामाच्या ओघात सर्व संगणकांवर ब्राउझरची ‘पासवर्ड जतन करा’ ही सोय धोरणाने बंद करावी, कारण ती चालू राहिली तर यादीतून कुणाचेही नाव निवडून आत जाता येते आणि सगळा खटाटोप फुकट जातो. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राबद्दलची ब्राउझरची धोक्याची सूचनाही येणार नाही असे करावे. स्थानिक सर्व्हरवर स्वतःच सही केलेले प्रमाणपत्र असले की ब्राउझर रोज लाल पान दाखवतो आणि कर्मचारी ते न वाचता पुढे जायला शिकतात. उद्या खरेच कुणी बनावट पान समोर ठेवले तरी ते तसेच पुढे जातील. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे ९० दिवसांचे मोफत प्रमाणपत्र डीएनएस पडताळणीने (संकेतनावाच्या नोंदीतून मालकी सिद्ध करून) आतल्या सर्व्हरसाठीही मिळते, फक्त त्याचे नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय लावावी.

ओटीपीबद्दल आपण विचारलेले नाही, पण संचालक विचारतील. आयसीयूत प्रत्येक लॉगिनला मोबाइल काढणे व्यवहार्य नाही, आणि मोबाइलवर एसएमएस येईपर्यंत थांबणे त्याहून नाही. प्रशासकांची खाती आणि रुग्णालयाबाहेरून होणारा प्रवेश या दोनच ठिकाणी दुसरा पुरावा सक्तीचा ठेवावा, आणि बाहेरून येणाऱ्यांना आधी व्हीपीएनमधूनच (सुरक्षित खासगी जोडणीतून) यावे लागेल अशी व्यवस्था करावी.

बाह्मनीत वैद्यकीय भागाला ओपनएमआरएस, प्रयोगशाळेला ओपनईएलआयएस आणि बिलिंगला ओडू असे तीन वेगळे भाग आहेत, आणि साध्या मांडणीत प्रत्येकाची वापरकर्त्यांची यादी स्वतंत्र असते. लॅब टेक्निशियन नोकरी सोडून गेला आणि त्याचे खाते ओपनएमआरएसमध्ये बंद केले, तरी ओपनईएलआयएसमध्ये तो अजून आतच असतो. की-क्लोकसारख्या एका प्रवेशद्वाराने हे सर्व जोडता येते, पण ते सांभाळणारा माणूस आपल्याकडे नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. त्याऐवजी एचआरच्या ‘नो ड्यूज’ फॉर्मवर तीन चौकटी वाढवाव्यात, आणि तिन्हींवर खूण झाल्याशिवाय शेवटचा पगार निघू नये. खाते पुसून टाकू नये, बंद करावे: भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवाव्या लागतात, आणि त्या नोंदींवरचे नाव कोणाचे हे तोवर सांगता आले पाहिजे.

लॉगबाबत, म्हणजे प्रणालीत कोणी कधी काय केले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदींबाबत, कायद्याचे दोन आकडे लक्षात ठेवावेत. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकीय लॉग १८० दिवस भारतातच जपून ठेवायचे असतात, सर्व यंत्रांची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवायची असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. त्यांत लॉग एक वर्ष ठेवण्याची तरतूद आहे, आणि सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आपण एक वर्षाचाच हिशेब धरून साठवण ठरवावी. ओपनएमआरएस प्रत्येक नोंद कोणी तयार केली व बदलली हे ठेवतेच. पण कोणी रुग्णाचे पान नुसतेच उघडून पाहिले, हे कळण्यासाठी बाह्मनीचा ऑडिट लॉग ग्लोबल प्रॉपर्टीतून चालू असावा लागतो. तो आजच तपासावा. शहरात ओळखीपाळखीचे वातावरण असते, आणि शेजाऱ्याचा रिपोर्ट सहज पाहणारे लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त असतात.

सर्व्हर बंद पडला किंवा मध्यरात्री एखाद्याचे लॉगिनच चालेना, तर रुग्ण थांबत नाही. त्यासाठी इनचार्ज सिस्टरच्या कुलपात एक बंद लिफाफा असावा, त्यात एका आपत्कालीन खात्याचे नाव व पासवर्ड असावा आणि लिफाफा फोडल्याची वेळ, फोडणाऱ्याची सही व कारण रजिस्टरमध्ये लिहावे. दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदलून नवा लिफाफा. कागदी केसपेपरचा एक गठ्ठाही त्याच कपाटात ठेवावा.

२०२७ च्या सिंहस्थाचा विचार आत्ताच करावा, कारण पंचवटीची शाखा गोदाघाटाच्या बाजूला आहे आणि पर्वकाळात तिथे बाहेरचे डॉक्टर, सिस्टर आणि प्रशिक्षणार्थी येतील. त्या वेळी ‘कुंभ १’, ‘कुंभ २’ अशी खाती वाटण्याचा मोह होईल. त्याऐवजी प्रत्येकाच्या नावाचे खाते आधी तयार करून बंद ठेवावे, हजर झाल्यावर ओळखपत्र पाहून चालू करावे आणि जाण्याची तारीख बाजूच्या वहीत लिहावी. रोज संध्याकाळी एका माणसाने ती वही पाहून संपलेली खाती बंद करावीत.

सुरुवात एका वॉर्डापासून करावी, आणि तोही आयसीयू नको, जनरल वॉर्ड. पहिले दोन आठवडे ‘वॉर्ड २’ हे खाते चालूच ठेवावे, पण त्याचे लिहिण्याचे अधिकार काढून फक्त वाचण्याचे ठेवावेत. म्हणजे कुणाची अडचण होत नाही आणि नोंद मात्र स्वतःच्या नावानेच करावी लागते. तिन्ही पाळ्यांत एकेक दिवस कुणीतरी जाणकार नर्सिंग स्टेशनवर बसलेला असावा, रात्रपाळीत विशेषतः. दोन आठवड्यांनी लॉग पाहावा: कोणत्या वेळी कोणत्या नावावर किती नोंदी पडल्या. एकाच सिस्टरच्या नावावर सलग तिन्ही पाळ्यांच्या नोंदी दिसल्या, तर तिला जाब विचारण्याआधी तो संगणक सुरू व्हायला किती वेळ घेतो हे पुन्हा मोजावे, आणि मगच पुढच्या वॉर्डाकडे जावे.